शेटजींचं नवंकोरं दही

निर्मळेकाकांचं दहीघर त्र्यंबकशेटनी विकत घेतलं आणि पहिल्याच सकाळी फर्मान काढलं, "इथलं जुनं काहीही चालणार नाही!"

त्या 'काहीही'मध्ये काय काय आलं! कामात गप्पा बंद. शेजारपाजारच्यांना वाटीभर विरजण देणं बंद. आणि खांबाला टांगलेला पाळणा? तोही बंद!

पाळण्यात गोदूची सहा महिन्यांची बगू झोपायची. गोदू दूध विरजायची आणि दर दोन मडक्यांनंतर बगूच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघून यायची. आता लेक घरी कुणाकडे ठेवणार? नवरा फिरस्तीवर, सासू परगावी. पाळणा गेला की गोदूचं कामही गेलंच.

तेवढ्यात शेटजींना कोपऱ्यातलं काळं मडकं दिसलं.

"हे काय?"

"विरजण, शेटजी," म्हाताऱ्या ठकूबाई म्हणाल्या. "काकांच्या पणजीपासून चालत आलेलं."

"शी! पणजीचं दही? ओता मोरीत!"

"अहो, मग दही लागणार कशानं?"

"लिंबू पिळा! डोकं चालवा जरा!"

ओतलं. मडकी राखेनं घासली. लिंबं पिळली. सकाळी बघतात तर सगळं दूध फाटलेलं! आणि नेमका त्याच वेळी राजवाड्यातून सांगावा आला, "परवाच्या पंगतीला दहीघरचं दही हवं. नेहमीच्या चवीचं!"

शेटजींचा चेहरा लिंबासारखाच पिवळा पडला.

"तुम्हीच मुद्दाम केलंत! उद्या सकाळी मला तीच चव हवी. आणि या दहीघरातली जुनी वस्तू एकही वापरायची नाही. नाही जमलं, तर चौदाच्या चौदा जण घरी!"

सगळे खाली मान घालून उभे.

"जमेल," कुणीतरी म्हणालं.

गोदूनं वळून पाहिलं, तर सगळे तिच्याकडेच बघत होते. अरे देवा! हे आपण बोललो?

"जमलं तर काय मागशील?" शेटजींनी विचारलं.

"पाळणा," गोदू म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"अगं बये," ठकूबाई कुजबुजल्या, "माझ्याकडे आहे घरी वाटीभर. घेऊन जा!"

"नको मावशी. तुमचं घेतलं तर म्हणतील, जुनं लपवून ठेवलं होतं." गोदूनं बगूला कडेवर घेतलं, वाटी उचलली आणि निघाली. रस्ताभर 'आपण फार शहाणपणा तर करत नाही ना?' असं ती बगूला विचारत होती. बगूनं तिचे केस ओढले. गोदूनं तो होकार धरला.

दुपारी परत आली ती वाटी पदराखाली झाकून. दूध तापवलं, कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली आणि नव्या मडक्यांत विरजलं.

सकाळी शेटजींनी मडकं उलटं धरलं. दही हललंसुद्धा नाही! बोटभर चाखलं. डोळे मिटले. पुन्हा चाखलं.

"तीच चव!" आणि लगेच भुवया चढल्या. "म्हणजे जुनं विरजण लपवलं होतंस! लबाड!"

"नाही हो. एका नव्या घरातून मागून आणलं."

"कुठल्या?"

"तुमच्या!"

"काय?"

"तुम्ही गावात राहायला आलात, त्या संध्याकाळी शेटाणीबाईंनी इथूनच वाटीभर विरजण नेलं होतं. रोज त्याचंच दही लागतं तुमच्याकडे. काल मी वाटी पुढे केली, तर बाईंनी लगेच भरून दिली. वर म्हणाल्या, आमचे हे दोन वाट्या चापतात आणि म्हणतात, असं दही साऱ्या मुलखात मिळायचं नाही!"

ठकूबाईंनी तोंडाला पदर लावला.

गोदूची जीभ आता थांबायला तयार नव्हती. "आता तुम्हीच सांगा शेटजी, हे जुनं की नवं? जुनं असेल तर आत्ता मोरीत ओतते. फक्त तुमच्या घरचं मडकं ओतायला शेटाणीबाईंना तुम्ही सांगा. माझी नाही छाती!"

शेटजींच्या मिशीला लागलेलं दही थरथरलं आणि ते असे खदखदून हसले, की कोपऱ्यात गोधडीवर निजलेली बगू दचकून उठली आणि भोकाड पसरून रडू लागली.

"अरे, बघता काय? टांगा तो पाळणा!" शेटजी ओरडले. "आणि आजपासून विरजणघर हिच्या हाताखाली. मीसुद्धा आत येईन तो विचारून!"

पाळणा टांगला गेला. पहिला झोका शेटजींनीच दिला. गोदूनं हळूच त्यांना बाजूला केलं आणि बगूच्या नाकाशी बोट धरलं.