पीळ जातो कुठे?

“आणि पीळ कुठे गेला?” गोसावी सरांनी विचारलं.

हेमलता अडखळली. इतका वेळ ती घडाघडा बोलत होती. डीएनएचं एक बंद कडं, त्यात एकमेकांवर पिळलेले दोन धागे. ते उकलून तिला परीक्षानळीत अख्ख्या कड्याची नक्कल उतरवायची होती. नक्कल सुरू होई आणि अर्ध्यात ठप्प. सोमवारी संस्थेची समिती बसणार होती. तोवर कडं उतरलं नाही, तर तिच्या विषयाला कायमचं कुलूप.

म्हणून ती नदीकाठच्या या मठात आली होती. प्रयोगशाळा सोडल्यावर सर इथेच राहत. गाव त्यांना गोसावीबाबा म्हणे. ही एकटीच अजून सर म्हणे.

“पीळ उकलला, सर. उकलणारं प्रथिन घातलंय ना मी.”

“उकलला म्हणजे नाहीसा झाला?”

हेमलता बोटांवर नळीतली प्रथिनं मोजू लागली.

“नळीत आणखी काय आहे?”

“काही म्हणजे काही नाही!” तिचा चेहरा खुलला. “हवीत तेवढीच प्रथिनं. बाकी सगळं गाळून फेकलं. डीएनए कापणारं तर एकही ठेवलं नाही. इतकं शुद्ध काम आपल्याकडे कुणी केलं नसेल.”

“वा,” सर म्हणाले.

तिला ते कौतुक वाटलं.

सरांनी काथ्याची दुपेडी दोरी घेतली आणि ओसरीच्या दोन खांबांना बांधली, जराशी सैल.

“मधोमध बोटं घाल. पेड वेगळे करत पुढे सरक.”

सुरुवातीला लोण्यातून सुरी जावी तशी बोटं गेली. मग पुढचा पीळ आवळत चालला. मग दोरीने कुबड काढलं, स्वतःवरच एक वेटोळं घेतलं, त्यावर दुसरं. बोटं अडकली.

“जोर लाव.”

तिने लावला. काथ्या बोटांत रुतला. वेटोळी वाढली.

“नाही सुटत, सर.”

“तुझ्याच जातीची दिसते. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.”

हेमलताला रागही आला आणि रडूही. “खांबापासून टोक सोडा, मग सुटेल!”

“कड्याला टोक असतं?”

सरांनी कात्री आणली आणि वेटोळ्यांजवळच्या एका पेडावर टेकवली.

“अहो, तुटेल ना!” तिने मोकळ्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

सर थांबले. हळूहळू तिचीच पकड सैल झाली.

कच्च.

एकच पेड तुटला. त्याचं एक टोक सरांनी चिमटीत घट्ट धरलं, दुसरं फिरू दिलं. दोरी गरागरा फिरली. वेटोळी एकेक करून उलगडली, कुबड बसलं. सरांनी दोन्ही टोकं पुन्हा गाठ मारून जोडली. हेमलताची अडकलेली बोटं आपसूक पुढे सरकली.

तिने त्या गाठीवरून बोट फिरवलं.

“कापून, टोक धरून ठेवून पुन्हा जोडणारंही एक प्रथिन असतं...” ती हळूच म्हणाली. “कापतं म्हणून मीच ते फेकलं.”

सर ओसरीवर पडलेला काथ्या झाडत होते.

तिने मिळेल ती एसटी पकडली.

सोमवारी संध्याकाळी मठाच्या फाटकातूनच तिचा आवाज आला.

“उतरलं, सर! अख्खं कडं उतरलं! एकामागून एक उतरतायत! समितीने विषय चालू ठेवला!”

स्वयंपाकघरातली माणसं पळीसकट बाहेर आली. तिने पेढ्यांचा पुडा सरांपुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. सरांनी दोन पेढे खाल्ले, तिसरा उचलला.

“सर, एकच विचारायचंय. ज्याला वैरी समजून हाकललं, त्यानेच तारलं. मग कापणारा वैरी की सोयरा, हे ओळखायचं कसं?”

सरांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

“कापल्यावर टोक कुणाच्या हातात आहे, ते बघावं.”