टरेटचा होकार

हातानं टूल बदलायचे दिवस सरत आले होते, तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या एका कारखान्यात दस्तगीर मिस्त्रींनी लेथ मशीनच्या टरेटला, म्हणजे टूलं धरून फिरणाऱ्या चकतीला, नवा कंट्रोल बोर्ड जोडला. बोर्डानं हुकूम सोडायचा. टरेटनं फिरून हवं ते टूल पुढे आणायचं, खाचेत घट्ट बसायचं आणि एका बारीक वायरीतून कळवायचं, "बसलो." मगच लोखंड कापायला सुरुवात व्हायची.

बोर्डाला ते सोसेना. "हुकूम माझा, आणि तुझ्या होकारासाठी मी थांबायचं?"

"बसल्याशिवाय बसलो कसं म्हणू?" टरेट म्हणाला.

मालकांनाही घाई होती. "मिस्त्री, हे दर वेळी अडतंय कशाला?"

"टरेट बसल्याचं सांगतोय, मालक."

"रोज बसतोयच की! त्यात सांगायचं काय?"

मिस्त्रींनी मान खाली घालून टरेटची वायर काढली आणि तिच्या जागी वायरीचा एक तुकडा असा जोडला, की बोर्डातून निघालेला करंटच होकार म्हणून बोर्डात परत यावा. आता बोर्डाला कायम एकच ऐकू यायचं, "बसलो, बसलो." बोर्ड खूश झाला. काम सुसाट निघालं.

एके दुपारी खाचेत लोखंडाचा कीस अडकला. टरेट अर्ध्यातच थांबला, ओरडला. पण ते पोचणार कुठून? बोर्डानं कापायचा हुकूम सोडला. टूल मोडलं, टरेटला आरपार चीर गेली.

"अरे, तू तर बसलो म्हणालास!" बोर्ड हादरून म्हणाला.

"मला बोलू दिलं कुणी?" टरेट म्हणाला. "इतके दिवस तू ऐकलास, तो तुझाच आवाज होता."