शिंकेनंतरची दुआ

कोठडीतल्या तहानलेल्या कैद्यांना चोरून पाणी पाजलं, म्हणून किल्लेदार मुर्तुजाखानाने गडावर पाणी वाहणाऱ्या दोघा पखाल्यांची मुंडकी उडवली होती. आता म्हाताऱ्या लतीफ पखाल्याची पाळी होती.

हुकूम सोडायला खानाने तोंड उघडलं आणि त्याला सणसणीत शिंक आली. "अलहम्दुलिल्लाह!" सवयीने तो अल्लाची स्तुती बोलून गेला.

ऐकणाऱ्याने यावर उत्तर द्यायचं असतं. पण भरल्या सदरेत भीतीने कुणाची जीभ उचलेना. बेड्यांतला लतीफच म्हणाला, "यरहमुकल्लाह. अल्ला तुमच्यावर दया करो."

"मरताना खुशामत करतोस?"

"रिवाज पाळला, हुजूर. आता पाळी तुमची. 'अल्ला तुला वाट दाखवो, तुझं सगळं नीट करो,' अशी उलट दुआ मला द्यायची असते. तेवढी द्या, मग खुशाल मान उडवा."

सगळी सदर खानाच्या तोंडाकडे बघू लागली. नाइलाजाने तो दुआ पुटपुटला. त्याच तोंडातून पुढचा हुकूम मात्र निघेना.

"सोडा याला!" तो खेकसला.

दरवाज्यावर दोन्ही मुंडकी टांगलेली होती. लतीफ त्यांच्याखाली थांबला.

"शिंक उशिरा आली रे, गड्यांनो," तो म्हणाला.