तिसरे भाषण

एका राज्यात माणसे थोडी आणि पोपट फार झाले होते. भाषण संपले की प्रजेने 'तथास्तु' म्हणावे, असा तिथला जुना रिवाज. मायाधर जादूगाराने नेमका त्यालाच शाप जोडला. विचार न करता तथास्तु म्हणेल, तो पोपट होईल. खुद्द राजा धवलकीर्ती पिंजऱ्यात बसून डाळ खाई आणि कशालाही तथास्तु म्हणे.

त्याची लेक मंदारिका आचार्या शारंगीकडे भाषणे पारखायला शिकत होती. "भीती कुठे घातली, स्तुती कुठे केली आणि सांगायचे काय टाळले, ते पाहा," असे आचार्या म्हणे. सराव रोज होई, पण मायाधराच्याच भाषणांवर.

अखेर मायाधराने आचार्येच्या पाठशाळेशी पैज लावली. "भाषणे तीन. प्रत्येकात काय लपवले ते ओळखून विचारा, शाप उतरेल. एकदा चुकलात तर सारी पाठशाळा पिंजऱ्यात." मंदारिकेला अन्न गोड लागेना. आपण चुकलो तर वडील जन्मभर पोपटच राहणार.

दिवस उजाडला. मायाधर चौथऱ्यावर चढून गरजला, "उत्तरेकडून राक्षस निघालेत. कोठारांच्या किल्ल्या मला द्या."

मंदारिकेने विचारले, "राक्षस पाहिला कोणी?"

कोणीच पाहिला नव्हता.

मग त्याने मधाचे बोट लावले. "तुमच्यासारखी शूर प्रजा त्रिभुवनात नाही. नदीपलीकडचे तेवढे कपटी."

"त्यांच्यातल्या एकाला इथे बोलू द्याल?"

मायाधर हसला. "तिसरे भाषण तुमच्या आचार्येचे."

शारंगी तर याचीच वाट पाहत होती. "या दुष्टाने घरोघर पिंजरे टांगले. आपली माणसे हिरावली. चला, याचा महाल आत्ता पेटवू."

बोलली अशी, की लोकांचे डोळे भरून आले. शिष्यांच्या ओठांवर तथास्तु आले, मंदारिकेच्याही आले. शब्द खरे होते, बाई आपली होती. पण काहीतरी सांगायचे राहिले होते, आणि गुरूला भरसभेत अडवायचे कसे? ती पुढे झाली.

"आचार्ये, महालात दासदासी कोंडलेले आहेत. आपण त्यांचे नाव का घेतले नाही?"

शारंगी मटकन खाली बसली. "घेतले असते, तर तुम्ही माझ्यामागे आला नसता."

तत्क्षणी पिंजरे फुटले. मायाधराची वाचा गेली ती गेलीच. दासदासी सुटून घरी गेले, पोपटांची माणसे झाली, राजा सिंहासनावर बसला.

त्याने लेकीला जवळ घेतले. "मायाधराची फार भीती वाटली?"

"त्याची वाटणारच होती, तात. पण तिसऱ्या वेळी जास्त वाटली. आचार्या मला फार आवडतात."