राणोजीच्या छातीतली गोळी

पहिल्या चित्रपटाच्या शेवटी दरोडेखोर राणोजी फासावर चढला, तेव्हा अख्खं थिएटर हुंदके देत होतं. त्या यशानं हुरळलेल्या निर्मात्या दौलतरावांनी हट्टानं राणोजीच्या तरुणपणावर दुसरा चित्रपट काढला. त्यात राणोजीच्या छातीत गोळी घुसली, तरी प्रेक्षक निवांत शेंगदाणे खात बसले.

भर बैठकीत दौलतराव लेखिका मृदुलाबाईंवर गरजले, “तुमच्या लेखणीतच दम नाही! उद्यापासून येऊ नका.”

“नाही येत. जाता जाता एक कोडं घालते,” बाई म्हणाल्या. “उत्तर आहे मक्याचं कणीस. आता ओळखा. अंगभर दात, पण चावत नाही.”

“अहो, उत्तर आधीच सांगितल्यावर ओळखायचं काय डोंबल?” दौलतराव खेकसले.

“राणोजी फासावरच मरणार, हे तुम्हीच आधी दाखवलंत, साहेब. मग त्या गोळीला लोकांनी घाबरायचं काय डोंबल?”