टेकाडावरचा विहार

“पण भंते, पाटलांनी दिलं आणि आपल्या लोकांनी हे टेकाड मुकाट्याने घेतलं?”

तरुण भिक्खू रेवतच्या आवाजाला धार होती. शहरात शिकून तो नुकताच वैनगंगेकाठच्या या खेड्यात आला होता. विहाराचा इतिहास दगडावर कोरायचं त्याने मनावर घेतलं होतं.

“घेतलं,” वृद्ध भंते धम्मसार म्हणाले.

“इथे मेलेली जनावरं टाकत असत...”

“हो. विहारासाठी गावात जागा मागितली, तर पाटलांनी हसून हे दाखवलं.”

मग त्या काळी बौद्धवाड्यातल्या बायांनी नदीतले गोटे डोक्यावरून वर आणले. माणूसभर उंच चौथरा रचला. त्यावर सागाचे खांब उभे राहिले, कौलं चढली. गावच्याच पाथरवटाने काळ्या दगडातून बुद्ध घडवला. नाक जरा बसकं झालं, पण हसू मात्र नेमकं उतरलं.

“हा अपमान होता, भंते. पहिली ओळ हीच कोरणार.”

भंतेंनी एकदा नदीकडे पाहिलं.

“कोर. पण गोष्ट पुरी होऊ दे.”

भंते आता थकले, असं रेवतला वाटलं.

भाद्रपदात नदी चढली. सकाळीच पाणी वेशीतून आत शिरलं. देवळाच्या पायऱ्या बुडाल्या, पाटलांच्या घराची भिंत खचली. कोरडं उरलं ते एवढं टेकाड. दुपारपर्यंत सारं गाव वर आलं.

चौथरा जागचा हलला नाही. बौद्धवाड्यातल्या बायांनी चुली पेटवल्या. बुद्धाच्या पायाशी साऱ्या गावची लेकरं एकाच सतरंजीवर निजली. खिचडी वाढताना रेवतचा ऊर भरून आला.

सगळ्यांत शेवटी आला आडकूजी पाटील. टेकाड देणाऱ्या पाटलांचा हा मुलगा, आता म्हातारा झालेला. डोक्यावर ओलं गाठोडं घेऊन तो पहिल्या पायरीशीच थांबला.

त्या जुन्या अपमानाचं सगळं रेवतच्या ओठांवर आलं. त्याने भंतेंकडे पाहिलं...

भंते केव्हाच उठले होते. काठी भिंतीला टेकवून ते पायऱ्या उतरले आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं गाठोडं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

“भंतेजी,” पाटील कसाबसा म्हणाला, “माह्या बापानं ही जागा... मी कोन्त्या तोंडानं वर येऊ जी?”

भंते वळले.

“हळू या. आत लेकरं झोपली आहेत.”