मेलेल्या दिगूची हाक

वेंगुर्ल्याच्या रॅप टोळीतला दिगू समुद्रात बुडाला. तेरावा उरकतोय तोच गाण्यांच्या कंपनीचे मालक पोतनीस करार नाचवत दारात हजर.

"गाण्यांतला शब्दन् शब्द आता माझा!"

"बरं," म्हणत दिगूची टोळीतली जोडीदारीण वैजू हिने स्पीकरवर गाणं लावलं. दिगूचा गार आवाज घुमला, "मालक कोण रे?"

वैजू म्हणाली, "इथे आम्ही ओ द्यायचो. शब्द तुमचे, तर आता तुम्ही द्या."

मेलेल्याच्या हाकेला ओ देणारा त्याच्या मागोमाग जातो, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोतनीसांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पुन्हा हाक आली. वैजू खणखणीत म्हणाली, "ओ! मी!" मग पोतनीसांकडे वळली. "ओ द्यायला घाबरतो, तो मालक कसला?"

करार तिथेच टाकून पोतनीस पळाले. गाण्याच्या शेवटी दिगू खदखदून हसला. वैजूने स्पीकर बंद केला.

दिगू हसतच राहिला.